डुप्लिकेट पीव्हीची वॉर्निंग कशी घालवली (पॉवरपाथ + एलव्हीएम)

लिनक्स सर्व्हरवर पीव्हीएस (एलव्हीएम म्हणजे डिस्कची जागा सांभाळणारा लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, पीव्ही म्हणजे त्याला दिलेली डिस्क, आणि त्या दाखवणारी ही कमांड) मारलं की डुप्लिकेट पीव्हीची वॉर्निंग पानभर यायची. कारण तसं सरळ आहे, दोन एचबीए (सर्व्हरला स्टोरेजशी जोडणारी कार्डं) आणि अ‍ॅरेचे (बाहेरच्या स्टोरेज बॉक्सचे) दोन पोर्ट, म्हणजे एकाच लनचे (अ‍ॅरेने दिलेल्या डिस्कचे) चार पाथ, त्यामुळे चार एसडी डिव्हाइस (हे नेटिव्ह) आणि त्यांच्यावर पॉवरपाथने (हे पाथ एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बनवलेलं एक ईएमसीपॉवर डिव्हाइस (हे स्यूडो), आणि एलव्हीएमला पाचहीवर तोच यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) दिसतो मग ते बोंबलणारच ना. कुठला एसडी कुठल्या ईएमसीपॉवरखाली आहे ते पॉवरएमटी डिस्प्ले या पॉवरपाथच्या कमांडमध्ये दिसतं, ते आधी बघून घ्या.

एलव्हीएमला दाखवायला मी स्यूडोच ठेवलं. एसडीची नावं रीबूटनंतर बदलू शकतात, आणि बूटच्या वेळी तो पाथ डाउन असेल तर ते नाव दिसतच नाही.

मग एलव्हीएम.कॉन्फमध्ये (एलव्हीएमची सेटिंग फाइल) ग्लोबल फिल्टर, म्हणजे एलव्हीएमने कुठली डिव्हाइस बघायची त्याची यादी: आधी लोकल बूट डिस्क अ‍ॅक्सेप्ट, मग ईएमसीपॉवर अ‍ॅक्सेप्ट, शेवटी बाकी सगळं रिजेक्ट. क्रम महत्त्वाचा हां, पहिला जो पॅटर्न जुळेल तोच लागतो, आणि बूट डिस्क विसरलात तर रूट (मुख्य फाइल सिस्टिम) एलव्हीएमवर असलेला सर्व्हर उठणारच नाही 😅 नंतर ड्रेकट कमांडने इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी इमेज, तिच्यात एलव्हीएम.कॉन्फची कॉपी असते) परत बनवलं, नाहीतर बूट होताना जुनाच फिल्टर वापरला जातो. रीबूट केल्यावर पीव्हीएसमध्ये फक्त ईएमसीपॉवर आणि लोकल डिस्क.