बटणं धुता धुता: खचलेल्या माणसाशी बोलावं कसं

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं आणि आमचं मॅचिंग सेंटर माळ्यापर्यंत बुडालं. अस्तराचे तागे, लेसची बंडलं, साडीचे फॉल, रिळं, उधारीची वही, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर नुसता चिखल उपसायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत हे एकदाही रडले नाहीत. नंतर मात्र बोलेनासेच झाले. ताट वाढलं की जेवायचे, विचारलं की "हं" म्हणायचे, आणि रात्री पावसाचा जोर वाढला की उठून खिडकीशी उभे राहायचे.

त्यांना बोलतं करायला मला चार महिने लागले. त्यात माझ्या हातून चुकाही झाल्या. आता आळीत कुणाचं माणूस जातं, कुणाच्या मुलीचं लग्न मोडतं, तेव्हा बायका येऊन विचारतात, "वहिनी, तुम्ही काय केलं होतंत?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

आधी एक सांगते, घाई करू नका. पहिल्या आठवड्यात माणसाला कोरडे कपडे, गरम पेज, रोजच्या गोळ्या आणि झोप हवी असते. मी तेव्हा रात्री यांच्या उशाशी बसून "बोला ना, मोकळे व्हा" म्हणून मागे लागायची. माझी भाची समुपदेशक आहे, तिने पुढे सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचारावर मार्गदर्शिका काढली, तिचं सूत्र 'बघा, ऐका, जोडून द्या' एवढंच आहे. घडलेलं सांगायला कुणाला भाग पाडू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. मी नेमकं उलट करत होते.

दुसरं, समोरासमोर बसू नका. शेजारी बसा आणि दोघांच्याही हाताला काम असू द्या. आमच्याकडे चिखलातून निघालेले बटणांचे डबे होते. एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, मध्ये पिठाची जुनी चाळण आणि दात घासायचे दोन जुने ब्रश. बटणाच्या भोकात गाळ बसतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही, एकेक बटण घासावं लागतं. रोज साडेपाचला आम्ही ओटीवर बसायचो. दोन भोकांची एका ताटलीत, चार भोकांची दुसऱ्या, कोटाची मोठी तिसऱ्या. पंधरा दिवस आम्ही बटणांपलीकडे काही बोललो नाही. मग एका संध्याकाळी एक पितळी बटण घासता घासता हे थांबले आणि म्हणाले, "ही शाळेच्या ब्लेझरची. जूनमध्ये पोरं आयांचा हात धरून यायची." पुढे पाऊण तास तेच बोलत होते, नजर बादलीतच. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबले असते, अशी माझी खात्री आहे.

तुमच्या घरी मेथी निवडा, वाल सोला, कोकमं फोडा, नाहीतर चालायला जा. डोळ्याला डोळा न देता बोलता आलं पाहिजे.

विचारायचं काय, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. "कसं वाटतंय?" असं विचारलं की "बरं आहे" एवढंच उत्तर येतं. खचलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या प्रश्नाला हात घालता येत नाही. लहान प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर डोळ्यांपुढे दिसतं. तेव्हा कुठे उभे होतात? अंगावर कुठला शर्ट होता? पहिल्यांदा काय उचललंत? या शेवटच्या प्रश्नाने आमच्याकडे गाठ सुटली. यांनी पहिल्यांदा उधारीची वही उचलली होती. तेवढ्यात बाजूच्या बोळातून एका म्हाताऱ्या गृहस्थांची हाक आली. वही फळीवर ठेवून हे छातीभर पाण्यातून गेले, त्यांना धरून जिन्याने वरच्या मजल्यावर नेलं. परत येईपर्यंत फळीच पाण्याखाली होती. हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

आणि मग, बराच वेळ गेल्यावर, "आदल्या संध्याकाळी तू म्हणालीस माल वर चढवू या. मी म्हटलं, सकाळी बघू."

इतके दिवस त्यांना आतून कुरतडत होतं ते हे. माझ्या तोंडावर आलं होतं, "जाऊ द्या हो, झालं ते झालं." ते मी गिळलं. तुम्हीही गिळा. "वस्तूच गेल्या, जीव वाचला ना", "लोकांचं याहून गेलंय", "देव सगळं पाहतो" ही वाक्यं मायेनेच येतात, पण ऐकणाऱ्याला कळतं की आता आपण गप्प बसावं अशी समोरच्याची इच्छा आहे. त्यापेक्षा त्याचेच शेवटचे शब्द हळू परत म्हणा. मी एवढंच म्हटलं, "सकाळी बघू म्हणालात." आणि थांबले. थांबणं कठीण जातं. मी मनात बटणं मोजायची. वीसच्या आत ते पुढे बोलायचे.

तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. कंटाळू नका, "हे सांगितलंत मला" म्हणू नका. नीट ऐकलं तर कळतं की ती दर वेळी तीच नसते. पहिल्यांदा यांनी सांगितलं ते "मी चुकलो" एवढंच. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी विचारलं, "त्या संध्याकाळी तुम्हाला काय वाटलं होतं?" तेव्हा आठवून म्हणाले की पाणी पायरीपर्यंत येतं आणि ओसरतं, असंच वाटलं होतं. दिवाळीनंतर एकदा म्हणाले, "त्या रात्री जेवढं कळत होतं, त्यावर मी ठरवलं." आणि त्या दिवशी प्रथमच त्या म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल आपणहून बोलले. जखम भरते ती अशी, त्याच जागी फिरून फिरून आल्यावर. आपण निष्कर्ष काढून हातात दिला तर तो टिकत नाही, त्यांचा त्यांना सापडावा लागतो.

वेळ बांधून घ्या. आम्ही दिवेलागणीला थांबायचो. दिवा लावला की बादल्या आत, मग चहा, मग स्वयंपाक. रात्री हे विषय काढू नका, झोप उडते.

जे ऐकाल ते पोटात ठेवा. मी एकदा फोनवर नणंदेला वहीची गोष्ट सांगून बसले. यांच्या कानावर गेलं आणि पुढचे दहा दिवस ओटीवर कुणी बसलं नाही. मी माफी मागितली, मगच पुन्हा सुरुवात झाली.

ऐकणाऱ्यालाही कुणीतरी लागतं. मी शेजारच्या काकूंकडे जायची, यांचं काही न सांगता माझंच बोलायची. माझंही दुकान गेलं होतं. झिंबाब्वेत हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाक टाकले आणि त्यावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसवल्या. अतिविचाराने खंगलेली माणसं त्यांच्याशी येऊन बोलतात. भाचीने हे सांगितलं तेव्हा मला काकूंची पडवीच आठवली.

कुणाला बोलवतच नसेल तर लिहू द्या. 1986 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेवर लिहायला लावलं. घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. शुद्धलेखन बघू नका, कागद वाचायला मागू नका.

आणि घरच्या बोलण्याने भागत नसेल तर ते ओळखा. दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, दारू वाढली, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं तोंडून निघालं, तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका आणि मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतूनही. यांना मी डिसेंबरात डॉक्टरांकडे नेलंच, झोपेसाठी. त्याने ओटीवरच्या बोलण्याला बळच आलं.

वर्षदिनाची तयारी आधी करून ठेवा. जुलै लागला की यांचं जेवण अजूनही कमी होतं. म्हणून मी बटणांचा एक डबा न धुता ठेवला आहे, गाळ वाळून दगड झालाय त्यात. गेल्या पावसाळ्यात नदीने इशारा पातळी गाठल्याचं कळलं, तेव्हा हे खिडकीशी गेले नाहीत. बादली भरून ओटीवर आणली आणि म्हणाले, "तो डबा काढ गं."