किरणोत्साराची बातमी आली की घरात काय करायचं

मार्च २०११ मध्ये आम्ही टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला राहत होतो. मुलगी दुधाच्या बाटलीवर होती. त्या महिन्यात भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमा दाइइची या अणुवीज प्रकल्पात अपघात होऊन किरणोत्सार बाहेर पडला. तो प्रकल्प आमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. "पुन्हा असं काही झालं तर?" असं इथल्या नव्या मराठी आया अजूनही विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

प्रकल्पाच्या जवळ असाल तर वाचत बसू नका, सांगितलं की निघा. तेव्हा १२ मार्चलाच २० किलोमीटरपर्यंतचा भाग रिकामा करायला सांगितलं आणि १५ तारखेला २० ते ३० किलोमीटरमधल्यांना घरात थांबायला. पुढचं सगळं लांबच्या लोकांसाठी, ज्यांना कोणी हलायला सांगत नाही पण झोपही लागत नाही.

आकडा ऐकला की आधी एकक विचारा. सिव्हर्ट म्हणजे शरीराला बसणारी मात्रा, बेकरेल म्हणजे पाण्यात किंवा भाजीत दर सेकंदाला किती अणूंचं विघटन होतंय ते. मिली आणि मायक्रोमध्ये हजारपटीचा फरक, आणि "ताशी" हा शब्द गाळला तर सगळाच घोळ. १५ मार्चला टोकियोतल्याच शिंजुकूत आकडा ताशी ०.८ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास गेला, नेहमीच्या दहापटीहून जास्त. वर्षभर तो तसाच राहिला असता तर सात मिलिसिव्हर्ट, म्हणजे छातीच्या एका सीटी स्कॅनच्या घरात. तो राहिला नाही, लवकरच उतरला. मी फ्रिजवर एक कागद लावला होता. त्यावर तारीख, वेळ, ठिकाण, आकडा आणि एकक एवढंच लिहायचं. मथळ्यांना त्यावर जागा नव्हती. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की तोच कागद वाचून दाखवायचा. "काळजी करू नका" म्हटल्याने कोणाची काळजी गेलीय!

नकाशावरच्या गोल वर्तुळांवर फार विसंबू नका, वारा आणि पाऊस बघा. इइताते हे गाव प्रकल्पापासून जवळजवळ ४० किलोमीटरवर, म्हणजे वर्तुळांच्या बाहेर. पण वायव्येकडे गेलेला ढग तिथे पावसा-बर्फाबरोबर खाली आला आणि एप्रिलमध्ये तेही गाव सोडायला सांगावं लागलं. म्हणून अपघातानंतरच्या पहिल्या पावसात बाहेर पडू नका. पडावंच लागलं तर वरचे कपडे नि बूट दाराशीच काढा, पिशवीत बांधा, हातपाय-केस धुवा. अंगावर बसलेली बहुतेक धूळ कपड्यांबरोबरच निघून जाते. वाळत घातलेलं आत घ्या, खिडक्या लावा, एक्झॉस्ट बंद करा.

आता पाणी. आमच्याकडे खरा गोंधळ इथेच झाला. २१-२२ तारखेच्या पावसानंतर, २३ मार्चला, टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किलोमागे २१० बेकरेल आयोडीन-१३१, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, सापडल्याचं जाहीर झालं. मोठ्यांसाठी मर्यादा ३००, तान्ह्यांसाठी १००. म्हणजे नळाचं पाणी देऊ नका हा सल्ला फक्त वर्षाआतल्या बाळांपुरता होता, पण दुकानांतल्या बाटल्या सगळ्यांनीच उचलल्या. मग सरकारने बाळामागे ५५० मिलीलीटरच्या तीन बाटल्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी आकडा ७९वर आला आणि सल्ला मागे घेतला गेला. तेव्हा बाळ असेल तर बाटल्या आधीच भरून ठेवा, आणि नसेल तर शेजारणीच्या बाळासाठी दुकानात राहू द्या. पाणी उकळून आयोडीन जात नाही. पाणी आटतं आणि ते उरतं. अंघोळीला, धुण्याला नळाचं चालतं. दुसरं पाणीच मिळालं नाही तर बाळाला तहानलेलं ठेवू नका, नळाचंच द्या. त्या वेळी अधिकाऱ्यांनीही हेच सांगितलं होतं.

आयोडीनच्या गोळ्या सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. त्या फक्त थायरॉईडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, सीझियम या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्यापुढे त्यांचा उपयोग शून्य. गळ्याला बेटाडीन चोळा असा एसएमएस त्या दिवसांत आशियाभर फिरत होता, चीनमध्ये लोकांनी आयोडीनसाठी मिठाची पोती नेली, जपानमध्ये आयोडीन असलेलं गुळण्यांचं औषध पिऊ नका असं तज्ज्ञांना बजावावं लागलं. काकूने पाठवलेला संदेश असेल तरी पुढे ढकलू नका.

आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. सीझियम-१३७ला त्यासाठी तीस वर्षं लागतात, म्हणून नंतरचा प्रश्न ताटातला. एप्रिल २०१२पासून जपानमध्ये सीझियमच्या किलोमागे मर्यादा अशा: साधं अन्न १००, दूध आणि बाळांचे पदार्थ ५०, पिण्याचं पाणी १० बेकरेल. दुकानातल्या मालाचे नमुने तपासलेले असतात. सावध राहायचं ते जंगलातून आणलेल्या अळंब्या, रानभाज्या आणि रानडुकराच्या मांसाबाबत. कोणी प्रेमाने दिलं तरी.

गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं छोटं यंत्र, घेतलाच तर जमिनीपासून मीटरभर उंचीवर धरा, आकडा स्थिर होऊ द्या, पुन्हा पुन्हा मोजा. भाजीवर धरून काही कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. पन्हळीखाली, गटारात साचलेल्या पानांत आकडा चढा दिसतो. तिथे पाईपने पाणी मारू नका, घाण शेजाऱ्याच्या दारात जाते. मोजलेलं लिहून वॉर्ड ऑफिसला कळवा. २०११च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोच्या सेतागाया वॉर्डात असाच एक चढा आकडा सापडला, सगळ्यांनी फुकुशिमाला बोल लावला, आणि निघालं काय, तर एका घराच्या फरशीखाली जुन्या बाटल्यांत ठेवलेलं रेडियम, हेही किरणोत्सारी, पण फुकुशिमाशी संबंध नसलेलं.