कबड्डीच्या पंचाने चिडलेल्या खेळाडूशी कसे बोलावे
बोनस गुण, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, नाकारला, की चढाईपटू हात वर करून पंचाकडे धावत येतो आणि त्याच्या मागून अर्धा संघही येतो. अशा वेळी पंचाने जागचे न हलता, हाताच्या इशाऱ्याने बाकीच्यांना थांबवून फक्त कर्णधाराशी बोलावे. आवाज समोरच्यापेक्षा एक पट्टी खाली ठेवावा आणि कारण एका दमात सांगावे : ‘‘समोर पाचच बचावपटू होते, बोनसला किमान सहा लागतात.’’ ‘‘नियम माहीत नाहीत का तुला?’’ असे मात्र कधीही विचारू नये, कारण चारचौघांत, विशेषतः प्रेक्षक दोरीला खेटून उभे असलेल्या गावच्या मैदानावर, झालेल्या अपमानाचा राग खेळाडू पुढच्या प्रत्येक चढाईत काढतो. खांद्यावर हात ठेवून समजूत घालणेही नको. धापा टाकणाऱ्या माणसाला तो हात ढकलल्यासारखा वाटतो. तरीही वाद थांबला नाही, तर ताकीद म्हणून हिरवे कार्ड तोंडासमोर न नाचवता दाखवावे आणि पुढचे कार्ड पिवळे, म्हणजे २ मिनिटे बाहेर, हे कर्णधाराला तेव्हाच सांगावे. निर्णय चुकल्याचे सहकारी पंचाने लक्षात आणून दिले, तर तो तिथल्या तिथे बदलून दोन्ही कर्णधारांना एकत्र सांगावा.