रेड ५ च्या दोन डिस्क गेल्यावर डेटा कसा काढायचा

रेड ५ म्हणजे अनेक डिस्कचा एकत्र जोडलेला गट (अ‍ॅरे), ज्यात डेटासोबत पॅरिटी, म्हणजे हरवलेला भाग गणिताने परत काढायची जादा माहिती, सगळ्या डिस्कवर वाटलेली असते. चार डिस्कचा रेड ५ एक डिस्क गेली तरी चालतो, दुसरी गेली की थांबतो. पण घरच्या नॅसमध्ये (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीत) दोन डिस्क एकाच वेळी मरणं विरळाच. बहुतेकदा पहिली कधीच बाहेर पडलेली असते, सूचनेचा ईमेल कुणी लावलेला नसतो, आणि दुसरी रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर हरवलेला डेटा पुन्हा भरणं, चालू असताना न वाचता येणाऱ्या एखाद्या सेक्टरवर (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यावर) अडते. साधी डेस्कटॉप डिस्क असा सेक्टर वाचायला मिनिट-दोन मिनिटं झगडते. लिनक्स ३० सेकंद वाट पाहून तिला रीसेट करतं आणि अ‍ॅरे तिला बाहेर काढतो. म्हणजे ‘मेलेल्या’ दुसऱ्या डिस्कवरचा जवळपास सगळा डेटा जागेवर असतो.

म्हणून आधी नॅस बंद करा. रिपेअर, इनिशियलाइज ही बटणं दाबू नका, नवी डिस्क घालून रिबिल्ड लावू नका, एफएससीके (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञा) चालवू नका. डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर टेप लावून खण क्रमांक आणि सिरियल नंबर लिहा.

पुढची रीत एमडीएडीएमवर (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडच्या आज्ञेवर) चालणाऱ्या अ‍ॅरेसाठी आहे: घरी जुळवलेलं लिनक्स मशीन किंवा सिनॉलॉजी कंपनीचं नॅस. डिस्क उबुंटूच्या पीसीला थेट साटा पोर्टवर जोडा. यूएसबी डॉक शक्यतो नको, खराब सेक्टरवर ते लटकतात. अ‍ॅरे आपोआप जोडला गेला असेल तर एमडीएडीएमच्या स्टॉपने सोडवा.

आता स्मार्टसीटीएलने, म्हणजे डिस्कची स्वतःची तब्येतीची नोंद (स्मार्ट) वाचणाऱ्या आज्ञेने, प्रत्येक डिस्क तपासा. त्यातल्या क्रमांकांपैकी १९७ म्हणजे वाचता न आलेले सेक्टर, ५ म्हणजे बदली दिलेले. १९९ वाढलेला आणि बाकी सगळं ठीक असेल तर संशय केबलवर घ्या. दोन डिस्क एकदम गायब झाल्या असतील तर पॉवरची केबल आणि कंट्रोलर आधी बघा. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर तिथेच थांबा. ते डेटा रिकव्हरी लॅबचं काम आहे. दर वेळी वीज दिली की हेड प्लॅटर आणखी खरवडू शकतं.

मग एमडीएडीएमचा एक्झामिन चालवा, तो डिस्कवरची रेडची नोंद दाखवतो. अ‍ॅरे डिस्कच्या पार्टिशनवर असेल तर पार्टिशनवर चालवा. सिनॉलॉजीत डेटा सहसा तिसऱ्या पार्टिशनवर असतो, एसएचआरमध्ये (सिनॉलॉजीच्या स्वतःच्या रेड प्रकारात) पाचव्या. सगळा निकाल फाइलमध्ये साठवा. त्यातल्या ‘इव्हेंट्स’ या ओळीवर, म्हणजे त्या डिस्कने नोंदलेल्या बदलांच्या मोजणीवर, सगळं ठरतं. समजा आकडे ४८२१३, ४८२१३, ४८२०९ आणि ३१८७७ आले. तिसरी डिस्क शेवटच्या क्षणी पडली, ती घ्यायची. चौथी केव्हाच मागे राहिली आहे, तिच्यावरचा डेटा शिळा आहे. स्मार्टमध्ये ती कितीही धडधाकट दिसली तरी तिला बाजूला ठेवा. इथे सर्वांत जास्त लोक फसतात.

घ्यायच्या तिन्ही डिस्कची डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची नक्कल करणाऱ्या आज्ञेने) प्रत्येकी एका नव्या डिस्कवर नक्कल करा. उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू. नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त सेक्टरची हवी. पहिली फेरी ‘-एन’ लावून, म्हणजे सहज वाचता येतं ते आधी निघतं. दुसरी फेरी ‘-डी -आर३’ लावून, त्याच मॅपफाइलवर. मॅपफाइल, म्हणजे काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद, या सगळ्यांहून वेगळ्या डिस्कवर ठेवा. ती असली की वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालतं. ४ टीबीच्या निरोगी डिस्कला सरासरी १५० एमबी प्रति सेकंद वेगाने साडेसात तास लागतात, आजारी डिस्कला काही दिवसही. समोर टेबलफॅन लावून ठेवा.

नक्कल झाली की मूळ डिस्क काढून ठेवा. मूळ आणि नक्कल दोन्हींवर तोच यूयूआयडी (ओळख क्रमांक) असल्याने एकत्र जोडल्या तर गोंधळ होतो. नकलांवरही थेट लिहू नका. ट्रंकेट या आज्ञेने प्रत्येकीसाठी ५० जीबीची स्पार्स फाइल (लिहिलं तेवढीच जागा घेणारी) करा, लॉसेटअपने ती डिस्कसारखी जोडा आणि डीएमसेटअपच्या स्नॅपशॉटने नकलेवर ओव्हरले चढवा, म्हणजे सगळं लेखन नकलेऐवजी त्या फाइलमध्ये जातं. चूक झाली तर ओव्हरले फेकायचा, साडेसात तास वाचतात. आता तीनच ओव्हरले देऊन एमडीएडीएमचे असेंबल, फोर्स आणि रन हे पर्याय चालवा. क्रिएट वापरू नका, तो नव्याने रचना लिहितो: डेटा ऑफसेट (डेटा सुरू होण्याची जागा), चंक (तुकड्याचा आकार) किंवा डिस्कचा क्रम चुकला तर कचरा हाती येतो.

अ‍ॅरे उभा राहिला की फक्त वाचण्यासाठी माउंट करा: फाइल सिस्टिम एक्स्टफोर असेल तर ‘नोलोड’, एक्सएफएस असेल तर ‘नोरिकव्हरी’ हा पर्याय लावा. सिनॉलॉजीत बहुधा मध्ये एलव्हीएम (जागेचे विभाग सांभाळणारा थर) असतो, तो आधी अ‍ॅक्टिव्ह करा. मग महत्त्वाचं आधी या हिशेबाने, फोटो आणि कागदपत्रं, नंतर सिनेमे, वेगळ्या डिस्कवर आरसिंकने (कॉपीच्या आज्ञेने) उतरवा.

न वाचलेल्या सेक्टरच्या जागी नकलेत शून्यं असतात, त्यामुळे फाइल कॉपी होते पण आतून फाटलेली असते. अ‍ॅरे जोडण्याआधी डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने त्या जागी खुणेचा मजकूर भरला, तर नंतर ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) अशा फायली शोधता येतात. सगळ्या मात्र सापडत नाहीत: गैरहजर चौथ्या डिस्कचे ब्लॉक पॅरिटीतून गणित करून येतात, तिथे खूण विस्कटते. त्यामुळे फोटो आणि झिप उघडून बघाच. तोवर मूळ डिस्क वॉरंटीत बदलायला पाठवू नका.