कॅनडातल्या विनिपेगमधली पहिली जुनी गाडी: गिअरबॉक्सवर पैसे घालण्याआधी

पहिल्या वर्षी तुम्ही बहुधा जुनी ऑटोमॅटिक गाडीच घ्याल. मीही तेच केलं. बंपरजवळ लोंबणारी प्लगची वायर बघून वाटलं, आधीच्या मालकाने काहीतरी जुगाड केलाय! ती ब्लॉक हीटरची निघाली. थंडीत रात्रभर इंजिनाला ऊब मिळावी म्हणून ती लावायची. इथल्या पार्किंगमध्ये सॉकेट असतात ते त्यासाठीच.

जानेवारीत खरी गंमत सुरू झाली. वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच, हीटरचा वारा कोमट, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्येच रडत राहायची, चौथा पडेचना. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स गेल्याचं सांगून टाकलं. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळपास.

गिअरबॉक्स ठणठणीत होता, बिघडला होता थर्मोस्टॅट. ही झडप इंजिन गार असताना बंद असते आणि साधारण 82 ते 90 अंश सेल्सियसला उघडते. ती उघडीच अडकली की कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरतं. पुण्यात हे कदाचित जाणवणारही नाही. इथे उणे 25 मध्ये इंजिन तापतच नाही. आणि बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर इंजिन तापेपर्यंत वरचा गिअर मुद्दाम अडवून धरतो.

गार इंजिनात आधी कूलंटची पातळी बघा. (इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण कधीही उघडू नका.) मग गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावा, पंखा आणि पट्ट्यापासून जपून. काटा अजून तळाशी असतानाच होज हळूहळू गरम होऊ लागला, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. स्वस्त कोड रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड दाखवणारं यंत्र) असेल तर पी-0128, म्हणजे इंजिन पुरेसं तापत नसल्याचा कोड, दिसतोय का बघा. मात्र तापमान मोजणारा सेन्सर बिघडला तरी लक्षणं अशीच वाटू शकतात.

काटा नीट चढतो, तरी गिअर उशिराच पडतो? मग गिअरबॉक्सचं तेल तपासा. ते इंजिन चालू ठेवून बघायचं की बंद करून, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. काळपट आणि जळका वास असेल, तर मात्र गॅरेजवाल्याचं ऐका. पहिले दोन-चार किलोमीटर गिअर जरा रेंगाळला तर घाबरू नका, तेल थंडीने घट्ट झालेलं असतं. अर्धा तास जागेवर गाडी तापवत बसू नका. दोनेक मिनिटांनी हळू चालवायला लागा.

निघताना प्लग काढा. मी दोनदा वायर तोडली आहे.