गावाशेजारी गोदाम येतंय? हरकत अशी लिहा की ती वाचली जाईल

मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना, माणकोलीपासून पडघ्यापर्यंत, भाताची खाचरं जाऊन पत्र्याची गोदामं कशी उभी राहिली हे ठाणे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये आमण्यापर्यंत खुला झाला आणि आता हाच दाब शहापूर-वाड्याकडे सरकतोय. गोदाम नकोच असं मी म्हणत नाही. पण ते कुठे, केवढं, कोणत्या रस्त्यावर आणि पावसाचं पाणी कुणाच्या शेतात सोडून, हे ठरताना गावाचं म्हणणं फायलीत असलंच पाहिजे.

तीन सल्ले गावोगावी दिले जातात आणि तिन्हींमुळे हरकतीची मुदत हातची जाते. पहिला, "ग्रामसभेचा ठराव करा, काम थांबेल." थांबत नाही. गावठाणाबाहेरच्या गोदामाला परवानगी ग्रामपंचायत देत नाही, त्यामुळे तिचा नकार म्हणजे परवानगीचा नकार नव्हे. आणि उलटही तितकंच खरं: पंचायतीची ना-हरकत म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ठराव जरूर करा, पण हरकतीला जोडण्यासाठी. दुसरा, "जनसुनावणी लागेल तेव्हा बघू." ती लागणार नाही, कारण खाली देतो. तिसरा, "हजार सह्या गोळा करा." एकाच मजकुराखालच्या हजार सह्या म्हणजे सुनावणी अधिकाऱ्याच्या अहवालात एक ओळ. चार वेगवेगळ्या मुद्द्यांचे चार अर्ज त्याहून जड पडतात.

जागा आणि कार्यालय

गट नंबर काढा, सातबारा आणि फेरफार उतरवा, नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. शहापूर, वाड्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात जमीन आदिवासी खातेदाराची होती का ते फेरफारात बघा. तसं असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ ची, म्हणजे आदिवासी जमीन बिगरआदिवासीला देण्याची, परवानगी झाली आहे का, हा स्वतंत्र आणि भक्कम मुद्दा होतो.

परवानगी कोण देणार हे जागेवर ठरतं. भिवंडीभोवतालच्या अधिसूचित गावांत एमएमआरडीए, पुण्याभोवती पीएमआरडीए, औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी, आणि नुसत्या प्रादेशिक योजनेतल्या गावात जिल्हाधिकारी, नगररचनेच्या सहायक संचालकांच्या अभिप्रायासह. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज फिरत राहतो आणि तोवर मुदत संपते.

दार कधी उघडतं

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये साध्या बांधकाम परवानगीला, म्हणजे कलम ४४-४५ च्या अर्जाला, शेजाऱ्यांकडून हरकती मागवायची तरतूद नाही. जमीन आधीच औद्योगिक विभागात असेल तर जाहीर सूचना निघणारच नाही. लोकांसाठी दार उघडतं ते जमिनीचा वापर विभाग बदलताना: शेती विभागातून औद्योगिक विभागात. प्रादेशिक योजनेत हा बदल, कागदावर ज्याला "फेरबदल" म्हणतात, कलम २० खाली होतो, विकास योजनेत कलम ३७ खाली. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, आणि मुदत सूचनेतच दिलेली असते, बहुतेकदा महिनाभराची. गावातल्या एका माणसाने दर आठवड्याला राजपत्राचा आपल्या महसुली विभागाचा भाग उघडून बघायचा, एवढी एकच सवय लावून घ्या.

जनसुनावणी म्हणजे पर्यावरण मंजुरीआधीची जाहीर सुनावणी; हरकतींवरची सुनावणी वेगळी, ती पुढे येते. जनसुनावणीचं असं आहे की २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेलं आहे. मात्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाची मंजुरी लागते. जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने औद्योगिक शेडना यातून सूट दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. म्हणून शेजारशेजारच्या गटांतली सगळी शेड एकत्र मोजा. एकाच मालकाची, एकाच फाटकातून रस्ता असलेली तीन शेड प्रत्येकी १८,००० चौरस मीटरची दाखवली असतील, तर तो एक प्रकल्प आहे असं लेखी मांडा.

फाईल बघा

माहितीचा अधिकार वापरा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. पण तीस दिवसांनी येणाऱ्या उत्तरावर अवलंबून राहिलात तर हरकतीची मुदत निघून गेलेली असेल. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू देण्याची सोय केली आहे. निर्णयाची प्रत हातात घेऊन जा. फाईलमध्ये तीन गोष्टी शोधा: मांडणी नकाशा, पोचरस्त्याचा पुरावा आणि पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा. जे सापडणार नाही त्याचीही नोंद करा, ते हरकतीत कामी येतं.

हरकत लिहिणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मला स्वतःला हीच पायरी सगळ्यात अवघड गेली, आणि चांगली चांगली गावं इथेच अडखळताना मी बघितली आहेत. राग खरा असतो, नुकसान खरं असतं, पण अर्जात उतरतं ते "गावाचा नाश होईल, प्रदूषण वाढेल, तरी परवानगी देऊ नये." अशा वाक्याला अधिकाऱ्याला उत्तरच द्यावं लागत नाही. अहवालात "हरकत सर्वसाधारण स्वरूपाची आहे" असं लिहून तो मोकळा होतो.

प्रत्येक हरकतीत तीन गोष्टी हव्यात: मोजलेली वस्तुस्थिती, तिला लागू होणारा नियम आणि नेमकी मागणी. तीनपैकी एक जरी नसेल तर ती हरकत अजून लिहून झालेली नाही.

सुरुवात रस्त्यापासून करा. गोदामाचा खरा भार जमिनीपेक्षा रस्त्यावर पडतो. टेप घेऊन फाट्यापासून गटापर्यंत चाला आणि रस्ता जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे, बहुधा मोरीवर किंवा देवळाच्या वळणावर, डांबराची रुंदी मोजा. टेप रस्त्यावर आडवी पसरलेली आणि आकडा वाचता येईल असा फोटो काढा. अर्जात रस्ता साडेपाच मीटरचा दाखवलेला असतो आणि मोरीच्या दोन कठड्यांमध्ये ३ मीटर ६० सेंटिमीटर भरतात. हा एक फोटो चार पानांच्या भाषणापेक्षा जास्त काम करतो.

मग वाहनं मोजा. एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस, चोवीस तास, पाळ्या लावून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या मानकात, आयआरसी ६४ मध्ये, प्रत्येक वाहनाचं वजन मोटारीच्या मापात दिलेलं आहे, त्याला पीसीयू म्हणतात: दुचाकी ०.५, मोटार किंवा रिक्षा १, ट्रक किंवा एसटी ३, ट्रेलर ४.५, बैलगाडी ८. त्याच मानकात सपाट भागातल्या एकेरी, म्हणजे एकपदरी, रस्त्याची क्षमता दिवसाला २,००० पीसीयू, मध्यम रुंदीच्या रस्त्याची ६,००० आणि दुपदरी रस्त्याची १५,००० धरली आहे. आता समजा, तुमच्या एकेरी रस्त्यावर आजच १,३०० पीसीयू आहेत. गोदामात दिवसाला शंभर ट्रेलर आले तर शंभर आत, शंभर बाहेर, म्हणजे २०० गुणिले ४.५, म्हणजे ९००. बेरीज २,२००. रस्ता पहिल्या दिवसापासून क्षमतेबाहेर. हे गणित सातवीतला मुलगा तपासू शकतो, म्हणूनच ते अहवालात बाजूला सारता येत नाही.

ट्रेलरचा आकडा मनाने लिहू नका. मांडणी नकाशात माल चढवायची दारं काढलेली असतात, ती मोजा, आणि दर दारामागे दिवसाला किती गाड्या हे अर्जदाराला लेखी विचारा. फाईलमध्ये वाहतुकीचा अभ्यासच नसेल तर तेवढीच एक स्वतंत्र हरकत करा.

एक नमुना देतो, हवा तसा बदलून घ्या:

"हरकत २. गट क्र. … ला जाणारा एकमेव रस्ता ग्रामीण मार्ग असून शाळेजवळच्या मोरीवर त्याची रुंदी ३.६० मीटर आहे. फोटो ३ सोबत जोडला आहे. दि. … व दि. … रोजी केलेल्या मोजणीनुसार या रस्त्यावर सरासरी १,३०० पीसीयू वाहतूक आहे. तक्ता सोबत जोडला आहे. आयआरसी ६४ नुसार एकेरी रस्त्याची क्षमता २,००० पीसीयू आहे. प्रस्तावात वाहतूक अभ्यास नाही. सबब हा फेरबदल नामंजूर करावा. फेरबदल मंजूर करावयाचाच झाल्यास, रस्ता व मोरी अर्जदाराच्या खर्चाने दुपदरी झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, अशी अट घालावी."

शेवटचं वाक्य कित्येकांना पटत नाही. "आम्ही अट मागितली तर आमचा विरोध कच्चा आहे असं होईल," असं ते म्हणतात. मी हे मुळीच मानत नाही. नुसता "नको" लिहिणाऱ्या गावाला मंजुरी आल्यावर काहीच मिळत नाही, आणि अटींविना मंजूर झालेलं गोदाम सर्वांत वाईट. मूळ मागणी नामंजुरीचीच ठेवा, पण प्रत्येक हरकतीखाली पर्यायी अट लिहाच. आणि अट नेहमी भोगवटा प्रमाणपत्राशी, म्हणजे बांधलेली इमारत वापरायच्या दाखल्याशी, बांधा. "भविष्यात रस्ता रुंद करण्यात येईल" या शब्दांना काही किंमत नाही. मागण्यासारख्या अटी बऱ्याच आहेत: रांगेतले ट्रेलर आवारातच थांबतील एवढं फाटक मागे घेणं, शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी अवजड वाहनांना बंदी, चालकांसाठी आवारातच संडास आणि पाणी. शेवटची लोक विसरतात, आणि मग रस्त्याकडेची शेतं घाण होतात.

पाण्याचंही असंच मोजून लिहा. २०,००० चौरस मीटर छतावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे जुलैत नवलाचा नाही, तर वीस लाख लिटर पाणी होतं. पूर्वी ते खाचरांत अडत, बांधांवरून सावकाश उतरत असे. आता पन्हाळीतून एकाच तोंडाने खालच्या गटात जाणार. ते कुणाच्या गटात जातं ते गाव नकाशावर बाणाने दाखवा आणि त्या शेतकऱ्याला त्याच्या नावाने वेगळी हरकत द्यायला लावा. जवळ नदी असेल तर पाटबंधारे खात्याचा पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या.

आगीबाबत एकच: आत काय ठेवणार हे विचारा. राष्ट्रीय इमारत संहितेत साधी साठवण आणि धोकादायक साठवण हे दोन वेगळे गट आहेत आणि दोन्हींना लागणारी व्यवस्थाही वेगळी आहे. साध्या मालाच्या नावाखाली रसायनांची पिंपं येऊ नयेत म्हणून "धोकादायक साठवण करणार नाही" ही अट परवानगीतच लिहून मागा, आणि जवळचं अग्निशमन केंद्र किती किलोमीटरवर आहे ते सोबत द्या.

काय लिहू नये तेही सांगतो. जमीन कुणी विकली, कितीला विकली, दलाल कोण, यातलं एक अक्षर हरकतीत नको. विकणारा बहुधा आपलाच भाऊबंद असतो. गाव दोन तटांत फुटलं की हरकत वैयक्तिक वादात जमा होते. पुराव्याशिवाय भ्रष्टाचाराचा आरोपही नको.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि आवक क्रमांकासह शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. पोच नसलेली हरकत दिली नाही असंच समजा.

सुनावणी

शासनाच्या सूचनेवरची सुनावणी साधारणपणे विभागाच्या नगररचना सहसंचालकांपुढे होते. कोकण विभागाचं कार्यालय बेलापूरला कोकण भवनात आहे. वेळ कमी मिळतो. पन्नास माणसं ट्रकमध्ये घालून नेऊ नका. एक मुद्दा, एक माणूस असे चौघे पुरेत, आणि त्यांतली एक रोज त्या रस्त्याने मुलाला शाळेत सोडणारी आई असू द्या. बोललेलं सगळं लेखी स्वरूपात तिथेच द्या आणि त्याचीही पोच घ्या.

त्यानंतर

फेरबदल मंजूर झाला तर अधिसूचनेतल्या अटी शब्दशः उतरवून ठेवा. परवानगीविरुद्ध नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ चं अपील फक्त अर्जदाराला आहे, शेजाऱ्याला नाही. तुमच्यासाठी उच्च न्यायालयातली रिट याचिका उरते. तिथे वकील पहिल्यांदा मागतो ती हरकतीची पोच. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे, आणि मुदत तीस दिवसांची. परवानगी नसताना काम सुरू झालं तर त्याच अधिनियमाच्या कलम ५२ ते ५४ चा उल्लेख करून नियोजन प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा, सोबत तारखेचे फोटो जोडा.

गोदाम बांधून होत आलं की भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज पडतो. त्या वेळी उतरवून ठेवलेल्या अटींची यादी, मोरीवरची टेप आणि नवे फोटो घेऊन पुन्हा त्याच कार्यालयात जा आणि कोणती अट पाळली, कोणती नाही, ते क्रमवार लिहून द्या.