बदलीचा आदेश हातात पडण्याआधी

एप्रिल-मे जवळ आला की सरकारी कार्यालयात बदल्यांची कुजबुज सुरू होते. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली अधिनियमाने एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठेवला आहे, म्हणजे आपली पाळी कधी ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. तरीही ऐन वेळी धांदल उडते. साहेब दुपारी कार्यमुक्त करतात आणि पदभार सोपवायच्या चार्ज-यादीवर संचिका इतक्या, नोंदवह्या इतक्या, कपाटाच्या किल्ल्या दोन, एवढं लिहून आपण सुटतो. आकडे जुळतात, पण कुठलं काम कशापायी अडलंय हे आपल्याबरोबरच निघून जातं. म्हणून फेब्रुवारीतच कामाला लागा.

आधी दफ्तराचे सहा गठ्ठे नीट लावून घ्या. निकाली काढायची प्रकरणं, प्रतीक्षाधीन (दुसरीकडून उत्तर यायचं बाकी असलेली), नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे ‘ड’ कागद. ही पद्धत आपण सगळे परीक्षेपुरती पाठ करतो आणि दफ्तर तपासणीच्या आदल्या रात्री गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. शेवटच्या दोन गठ्ठ्यांना फार डोकं लागत नाही: ‘अ’ कागद कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षं, ‘ड’ एक वर्ष, असं वर्गीकरण करून अभिलेखपालाची पोच घेतली की झालं.

खरा वेळ द्यायचा तो प्रतीक्षाधीन गठ्ठ्याला. आलेल्या कागदावर काय केलं ते जिथे लिहितो त्या कार्यविवरण नोंदवहीत ‘अहवाल मागविला’ एवढंच असतं. कोणाकडून, किती स्मरणपत्रं गेली, तिकडचा कारकून फोनवर काय म्हणाला, हे कुठेच नसतं. प्रत्येक प्रकरणाच्या वर अर्ध्या पानाचं टिपण लावा: अडलंय कुठे, पुढचं पाऊल काय, आणि न्यायालयाची तारीख असेल तर ती लाल शाईने. मी एका तालुक्याला हजर झालो तेव्हा आधीच्या भाऊसाहेबांनी शपथपत्राची तारीख टेबलावरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. कॅलेंडर जुन्या वर्षाचं, म्हणून शिपायाने रद्दीत घातलं. तारीख उलटल्यावर सरकारी वकिलांचा फोन आला आणि खुलासा द्यावा लागला मला.

नियतकालिकांच्या यादीत फक्त विवरणपत्राचं नाव आणि पाठवायचा दिनांक पुरत नाही. त्यातला प्रत्येक रकाना कुठल्या नोंदवहीतून भरायचा ते लिहा. नव्या माणसाचे पहिले दोन महिने यातच जातात. स्थायी आदेश संचिकेत शासन निर्णयांच्या छापील प्रती असतीलच. कुठला निर्णय पुढे कशाने अधिक्रमित झाला ते पहिल्या पानावर पेन्सिलने लिहिलंत तर येणारा तुम्हाला दुवा देईल. विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांना आणि लक्षवेधींना पूर्वी गेलेली उत्तरं तिथेच वेगळ्या फाइलीत ठेवा. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनातून ‘तासाभरात माहिती द्या’ असा निरोप आला की तीच कामी येते.

संगणकाकडे वळलात की हिंमत ठेवा. जुनी टिपणं डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये टंकलेली असतील, तर तो फाँट नसलेल्या नव्या मशीनवर ती अगम्य चिन्हं होऊन उघडतात. लागणारी तेवढी युनिकोडमध्ये आणा, सगळ्यांच्या मागे लागू नका. ‘फायनल-नवीन-2’ अशा नावाच्या फाइलींना विषय आणि वर्ष द्या. ई-ऑफिस या संगणक प्रणालीत तुमच्या खात्यात पडलेल्या नस्ती (संचिका) कार्यमुक्त होण्यापूर्वीच पुढे पाठवा, नाहीतर त्या तिथेच अडकतात. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणं हा चार्ज देण्याचा प्रकार नव्हे, कितीही सोयीचा वाटला तरी. आणि व्हॉट्सॲपवर आलेले तोंडी-सदृश आदेश? त्यांची छापील प्रत काढून संचिकेत लावा. उद्या तुमचा फोन बदलेल, पण लेखापरीक्षक येणारच आहे.

माहिती अधिकाराचे चालू अर्ज वेगळे काढा आणि तीस दिवसांची मुदत कधी संपते ते प्रत्येकावर लिहा. त्याच कायद्याच्या कलम 4 खाली कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची सतरा बाबींची माहिती फलकावर कोणत्या वर्षाची आहे तेही बघून घ्या; तिथे तुमच्या आधीच्याच्या आधीच्या माणसाचं नाव असण्याची बरीच शक्यता आहे.

तुमच्या जागी येणारा हजर झाला की त्याला दोन दिवस शेजारी बसवा. तुम्ही सांगू नका, त्याला गठ्ठे उघडू द्या आणि जिथे तो अडखळेल तिथलं टिपण दुरुस्त करा. त्याने न वाचता सही करायला पेन उचललं तर चहा मागवा, वेळ काढा. मग टेबलाचा सर्वांत खालचा कप्पा रिकामा करा. एखादं न नोंदवलेलं टपाल तिथे निघतंच. ते आवक नोंदवहीत चढवा आणि मगच किल्ली द्या.